सोसायटीच्या जनरेटरचा धूर: लोड, चिमणी आणि देखभाल

जनरेटर सुरू झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद होतात. एएमसीवाल्याला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराला फोन जातो, तो येऊन एअर फिल्टर झटकतो, चार दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. याचं कारण साधं आहे. बहुतेक वेळा दोष इंजिनात नसतोच. जनरेटरचा संच गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो, चिमणी बुटकी असते किंवा खोलीत हवा कोंडलेली असते. या तिन्ही गोष्टी मेकॅनिकच्या हातात नाहीत, सोसायटीच्या कमिटीच्या हातात आहेत.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: सात मजली, २१ मीटर उंच इमारत, दोन लिफ्ट, पाण्याचा एक पंप, जिना आणि पार्किंगचे दिवे, आणि बिल्डरने बसवून दिलेला १२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर. छोटं हॉस्पिटल, मंगल कार्यालय किंवा वर्कशॉप असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी पाट्या वाचा

संचावर दोन पाट्या असतात, एक अल्टरनेटरची (वीज तयार करणाऱ्या भागाची) आणि एक इंजिनाची. अल्टरनेटरवर केव्हीए लिहिलेले असतात, त्याला ०.८ ने गुणलं की किलोवॅट मिळतात. १२५ केव्हीए म्हणजे १०० किलोवॅट. धुराचे नियम मात्र इंजिनाच्या किलोवॅटवर ठरतात, आणि तो आकडा थोडा मोठा असतो, कारण अल्टरनेटरमध्ये काही ताकद वाया जाते. त्यामुळे ६२.५ केव्हीएच्या आसपासचे संच ५६ किलोवॅटच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे पडतात. अशा वेळी विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, इंजिनाची पाटी बघा.

दुसरी महत्त्वाची नोंद म्हणजे उत्पादनाची तारीख आणि सीपीसीबीचा, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, धुराच्या नियमांचा टप्पा. ८०० किलोवॅटपर्यंतच्या इंजिनांना २०१४ पासून सीपीसीबी-२ हा टप्पा लागू झाला आणि १ जुलै २०२३ पासून सीपीसीबी-४ प्लस. आधी तयार होऊन पडलेला सीपीसीबी-२ माल खपवायला ३० जून २०२४ पर्यंत मुभा होती. आज कोणी 'नवा कोरा पण सीपीसीबी-२' संच स्वस्तात देऊ करत असेल, तर तो सौदा नाही, डोकेदुखी आहे.

दोन टप्प्यांत फरक किती, ते आपल्या १२५ केव्हीएच्या गटावरून कळतं. सीपीसीबी-२ मध्ये या आकाराच्या इंजिनाला दर किलोवॅट-तासाला ०.२ ग्रॅम सूक्ष्मकण आणि नायट्रोजन ऑक्साइड व हायड्रोकार्बन मिळून ४ ग्रॅम चालत होते. सीपीसीबी-४ प्लसमध्ये ५६ ते ५६० किलोवॅटच्या गटाला सूक्ष्मकण ०.०२ ग्रॅम, नायट्रोजन ऑक्साइड ०.४० ग्रॅम आणि हायड्रोकार्बन ०.१९ ग्रॅम एवढीच मुभा आहे. सूक्ष्मकण थेट दहा टक्क्यांवर आले. १९ ते ५६ किलोवॅटच्या गटात सूक्ष्मकणांची मर्यादा ०.०३ ग्रॅम आहे, पण नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन मिळून ४.७ ग्रॅम चालतात. १९ किलोवॅटच्या खाली सूक्ष्मकणांची मर्यादा अजूनही ०.३० ग्रॅमच आहे, म्हणून छोट्या संचांना काजळी पकडणाऱ्या पार्टिक्युलेट फिल्टरसारखी महागडी यंत्रणा लावावी लागत नाही.

हे आकडे कारखान्यातल्या मॉडेलचे आहेत. पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा ठरावीक संस्था ते तपासून टाइप अप्रूव्हलचं, म्हणजे त्या मॉडेलच्या मंजुरीचं प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्राची प्रत संच घेतानाच मागून फाइलला लावा. पण ते प्रमाणपत्र तुमच्या चिमणीबद्दल किंवा खोलीबद्दल काहीही बोलत नाही. तो भाग वापरणाऱ्याचा.

कागदपत्रं थोडक्यात

हवा प्रदूषणाचा मूळ कायदा १९८१ चा आणि धुराची प्रमाणं पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ खाली ठरलेली. १९८१ च्या कायद्यात हवेच्या प्रदूषकाच्या व्याख्येत आवाजही येतो, त्यामुळे धूर आणि आवाज यांचा विचार एकत्रच करावा लागतो. कारखाना, हॉस्पिटल किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असलेला गृहप्रकल्प असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जनरेटरचे केव्हीए आणि चिमणीची उंची लिहिलेली असते. ते पान काढा आणि जागेवरच्या संचाशी ताडून बघा. मधल्या काळात १२५ चा संच काढून २५० चा बसवला आणि कागदावर १२५ च राहिला, हा प्रकार नेहमीचा आहे. गोव्यात हेच काम गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतं. विद्युत निरीक्षकाची परवानगी ही वेगळी बाब आहे, ती धुराच्या संमतीत मोजू नका.

लोड: धुराचं खरं मूळ

डिझेल इंजिनाला काम लागतं. ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर ते तासन्तास चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि डिझेल अर्धवट जळतं. ते न जळलेलं डिझेल आणि काजळी यांचा काळा चिकट रस सायलेंसरच्या जोडांतून गळू लागतो. फ्लॅंजखाली फरशीवर डांबरासारखा डाग दिसला की समजा, संच उपाशी चालतो आहे. मेकॅनिक याला वेट स्टॅकिंग म्हणतात. अशा संचावर एखाद्या दिवशी अचानक पूर्ण लोड आला, की साचलेली काजळी एकदम सुटते आणि गच्चीवर काळा भपका उठतो. लोकांना वाटतं इंजिन आज बिघडलं. ते महिनोन्महिने बिघडत आलेलं असतं.

आता मोजू. क्लॅम्प मीटर घ्या आणि वीज गेलेली असताना, दोन्ही लिफ्ट आणि पंप चालू ठेवून तिन्ही फेजचे अँपिअर वाचा. १२५ केव्हीएच्या संचाचा पूर्ण करंट ४१५ व्होल्टला सुमारे १७४ अँपिअर असतो. आपल्या इमारतीचा चालू लोड २२ किलोवॅट धरला तर ०.८ पॉवर फॅक्टरला तो ३८ अँपिअर होतो. म्हणजे क्षमतेच्या २२ टक्के. आणि हे सगळं एकदम चालू असताना! रात्री नुसते दिवे जळतात तेव्हा हा आकडा पाच-सात टक्क्यांवर येतो.

एवढा मोठा संच का दिला जातो? मोटर सुरू होतानाच्या धक्क्यामुळे. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी सहापट करंट ओढते. हा धक्का सोसायला संच मोठा घेण्याची जुनी रीत आहे. त्याच मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर लावला तर धक्का तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा व्हीएफडी लावला तर जवळपास नेहमीच्या करंटवर. पंपाला व्हीएफडी बसवण्याचा खर्च मोठ्या संचाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. नवीन लिफ्टना तो बहुधा आधीच असतो. मग ३८ अँपिअरच्या लोडला ६२.५ केव्हीएचा संच ४४ टक्क्यांवर चालतो आणि ४० केव्हीएचा ६९ टक्क्यांवर. दोन्ही लिफ्ट आणि पंप एकाच क्षणी सुरू होऊ नयेत म्हणून एएमएफ पॅनेलमध्ये (वीज गेली की संच आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलमध्ये) प्रत्येकाला १०-१५ सेकंदांच्या अंतराचा टायमर दिला, तर ४० चाही विचार करता येतो. आगीच्या पंपाचा लोड याच संचावर असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. तो पंप आधी धरा आणि अग्निशमन विभागाने मंजूर केलेला नकाशा बघितल्याशिवाय संच लहान करू नका.

मोठा संच आधीच गळ्यात पडला असेल तर तीन उपाय आहेत. जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे इन्व्हर्टर-बॅटरीवर टाका, म्हणजे नुसत्या दिव्यांसाठी संच चालणार नाही. लिफ्टला बॅटरीवर जवळच्या मजल्याला पोचवणारी एआरडी यंत्रणा असेल, तर दहा मिनिटांच्या खंडितीला संच लगेच सुरू होण्याची गरज नसते. पॅनेलमधला सुरू होण्याचा विलंब वाढवा. आणि महिन्यातून एकदा संचाला किमान ३० टक्के, शक्य तर त्याहून जास्त लोडवर अर्धा तास चालवा. आपल्या संचाला ३० टक्के म्हणजे ५२ अँपिअर. लिफ्ट आणि पंपांवर तेवढा लोड जमत नसेल, तर वर्षातून एकदा भाड्याने लोड बँक (संचाला कृत्रिम लोड देणारं यंत्र) आणून दोन-तीन तास टप्प्याटप्प्याने लोड वाढवत न्या. पहिल्या तासात चिमणीतून भरपूर काळं येईल, त्यामुळे रविवारची सकाळ टाळा आणि आदल्या दिवशी नोटीस लावा.

दर सोमवारी वॉचमनने पंधरा मिनिटं संच रिकामा चालवायचा, ही प्रथा बंद करा. बॅटरी चार्ज राहावी म्हणून ती सुरू झाली. त्या कामाला दोनशे वॅटचा बॅटरी चार्जर पुरतो.

चिमणी

८०० किलोवॅटपर्यंतच्या संचांना केंद्रीय मंडळाचं सूत्र असं आहे:

चिमणीची एकूण उंची = इमारतीची उंची + ०.२ × √केव्हीए (उंची मीटरमध्ये)

१२५ चं वर्गमूळ ११.१८, गुणिले ०.२ म्हणजे २.२४. तक्त्यात १०० ते १५० केव्हीएला २.५ मीटर धरलेले आहेत, म्हणजे आपली चिमणी २१ अधिक २.५, साडेतेवीस मीटर हवी. ५० केव्हीएपर्यंत इमारतीच्या वर १.५ मीटर, ५० ते १०० ला २ मीटर, १५० ते २०० ला ३ आणि २०० ते ३०० ला ३.५ मीटर.

इथे सगळ्यात जास्त पळवाट काढली जाते ती 'इमारत' या शब्दावर. संच आवारात, कुंपणाच्या भिंतीलगत कॅनोपीत, म्हणजे आवाज रोखणाऱ्या पेटीत ठेवला की म्हणायचं, 'हा कुठल्याच इमारतीत नाही', आणि कॅनोपीवर दोन मीटरचा पाइप काढायचा. तो धूर सरळ दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत जातो, कारण इमारतीच्या आडोशाला हवा वर जात नाही, भोवऱ्यासारखी फिरते. संच ज्या इमारतीला वीज देतो आणि जिच्या शेजारी उभा आहे, तिचीच उंची धरा. तपासणीला आलेला अधिकारीही तेच धरेल. शेजारची इमारत तुमच्याहून उंच आणि चिमणीपासून आठ-दहा मीटरवर असेल, तर सूत्राने आलेली उंचीही तिच्या खिडक्यांना पुरत नाही. अशा वेळी चिमणीची बाजूच बदला.

बाजू ठरवताना वारा बघा. महाराष्ट्रात वीज सर्वांत जास्त जाते पावसाळ्यात आणि वळवाच्या पावसात, आणि जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. चिमणी इमारतीच्या ईशान्य कोपऱ्याला असेल तर धूर आपल्यावरून न जाता बाहेर पडतो. त्या बाजूला कोणाचं घर आहे हे आधी बघून घ्या, नाहीतर आपली तक्रार शेजाऱ्याच्या नावावर होईल. गच्चीवर चिमणीचं तोंड पाण्याच्या टाकीच्या झाकणापासून आणि सोलर पॅनेलपासून दूर ठेवा. पॅनेलवर बसलेली काजळी तेलकट असते, पावसाने धुतली जात नाही.

आता पाइप. लांब चिमणीचा धोका म्हणजे बॅक प्रेशर. धूर बाहेर ढकलायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागला की सिलिंडरमध्ये ताजी हवा कमी येते आणि धूर अधिक काळा होतो. म्हणजे धूर उंच नेण्याच्या नादात धूरच वाढवला. किती बॅक प्रेशर चालेल ते इंजिनाच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं, आणि सीपीसीबी-४ प्लसच्या संचांत पुढच्या पाइपसाठी ती मुभा बरीच कमी असते. व्यास वाढवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. अडथळा व्यासाच्या पाचव्या घाताने घटतो, म्हणून ४ इंचीऐवजी ५ इंची पाइप घेतला की तोच अडथळा साधारण एक तृतीयांश राहतो. इंजिनाच्या तोंडाचा व्यास आहे तोच २३ मीटर वर नेणारा फॅब्रिकेटर काम समजून करत नाही. काटकोनातले बेंड टाळा. वळवायलाच लागलं तर मोठ्या त्रिज्येचे बेंड घ्या किंवा ४५ अंशांचे दोन.

पाइप तापतो आणि लांबतो. लोखंड दर १०० अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. साडेतेवीस मीटरच्या पाइपचं तापमान सरासरी ३०० अंशांनी वाढलं तर तो जवळपास ८५ मिलिमीटर लांबेल. भिंतीला प्रत्येक क्लॅम्प घट्ट आवळला तर एक तर क्लॅम्प उपटतात किंवा वेल्ड फाटतो. म्हणून खाली एक पक्का आधार, वर सरकते क्लॅम्प, आणि मध्ये बेलो, म्हणजे लवचीक जोड. इंजिनालगतचा बेलो वेगळा. तो कंप झेलण्यासाठी असतो, चिमणीचं वजन त्याच्यावर किंवा टर्बोवर (इंजिनात हवा कोंबणाऱ्या भागावर) येता कामा नये. हे वजन टर्बोवर आलं की त्याचं आवरण तडकतं, जोड सुटतात आणि धूर चिमणीपर्यंत पोचण्याआधीच खोलीत सुटतो.

बाकीच्या गोष्टी भराभर: हात पोचेल तिथपर्यंत, आणि खोलीतल्या सगळ्या पाइपला रॉकवूल आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा. सर्वांत खालच्या बिंदूला पाणी काढण्याचा कॉक, कारण डिझेल जळताना पाण्याची वाफ होते आणि थंड पाइपमध्ये ती पाणी होऊन उतरते. वर टोपडं नको. छत्रीसारखी टोपी पावसाला अडवते तशी धुरालाही खाली ढकलते. त्याऐवजी दाबाने उघडणारी झडप लावा किंवा पाइपचं तोंड तिरकं कापा. दोन संचांचे पाइप एका चिमणीत जोडू नका. बंद असलेल्या इंजिनात दुसऱ्याचा धूर आणि ओल शिरते, आणि ते आतून गंजतं.

चाचणीचं भोक आधीच ठेवायचं असतं, नंतर कोणी ठेवत नाही. शेवटच्या वळणापासून पुढे व्यासाच्या आठपट आणि वरच्या तोंडापासून अलीकडे दुप्पट अंतर राहील अशा जागी साधारण १०० मिलिमीटरचा सॉकेट आणि त्यावर झाकण. तिथवर पोचायला शिडी आणि उभं राहायला कठडा असलेला प्लॅटफॉर्म. हे नसेल तर लॅबचा माणूस कुठून तरी नमुना घेतो आणि अहवालातले आकडे हवेतले असतात.

८०० किलोवॅटपेक्षा मोठ्या इंजिनांचा नियम वेगळा आहे. तिथे तीन उंची काढून सर्वांत मोठी घ्यायची: १४ गुणिले सल्फर डायऑक्साइडच्या ताशी किलोंचा ०.३ घात, इमारतीच्या वर ६ मीटर, आणि ३० मीटर. आजच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत फक्त १० भाग असतं. ताशी २०० लिटर डिझेल जाळलं तरी पहिलं सूत्र अडीच मीटरच्या आसपास उत्तर देतं. तेव्हा तिथे उरलेल्या दोनच अटी बघाव्या लागतात.

खोली आणि हवा

रेडिएटरमधून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा आत आली, तर इंजिन गरम आणि विरळ हवा ओढतं आणि काळं होतं. ताजी हवा आत येण्याची जाळी रेडिएटरच्या क्षेत्रफळाच्या दीडपट आणि बाहेर जाण्याची सव्वापट हवी. रेडिएटर आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये कॅनव्हासचा डक्ट असावा. कॅनोपीच्या गरम हवेच्या तोंडासमोर भिंत, पार्क केलेली गाडी किंवा नंतर बांधलेली वॉचमनची खोली आली, की संच मे महिन्यात दर वेळी 'हाय टेम्परेचर' दाखवून बंद पडतो.

आवाजासाठी १००० केव्हीएपर्यंतच्या संचाला कॅनोपीपासून १ मीटरवर ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. पावसाळ्यात पाणी येतं म्हणून जाळीवर प्लायवूड ठोकणं, हा आवाज कमी करण्याचा मार्ग नाही. जाळीवर लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्या लावा.

तळघरातला किंवा बंद गाळ्यातला जनरेटर जीवघेणा ठरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दुकानाच्या माळ्यावर किंवा शटर ओढून चालवलेला छोटा पेट्रोल जनरेटरही काही मिनिटांत माणूस बेशुद्ध करतो. तळघरात संच असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, आणि पाइपचा प्रत्येक जोड सहा महिन्यांनी साबणाच्या फेसाने तपासा, इंजिन नुकतंच सुरू करून, पाइप अजून थंड असताना.

धुराचा रंग काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टरच्या इंडिकेटरकडे बघा. तो लाल असेल तर फिल्टर बदला. कॉम्प्रेसरच्या हवेने झटकून पुन्हा बसवलेल्या फिल्टरच्या कागदाला बारीक चिरा जातात आणि धूळ सिलिंडरमध्ये जाते. फिल्टर बरा असेल तर टर्बोचे होज, मग ओव्हरलोड, मग इंजेक्टर. या क्रमाने जाण्याचं कारण खर्च: होजचा क्लॅम्प आवळायला पैसे लागत नाहीत, इंजेक्टरला लागतात.

पांढरा धूर थंड इंजिनात पहिली दोन-तीन मिनिटं येतो आणि जातो. तो राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतं आहे: कमी कॉम्प्रेशन, उशिरा होणारं इंजेक्शन किंवा डिझेलमध्ये पाणी. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. रिंगा, व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचा सील. कधी कधी एवढंच असतं, की मेकॅनिकने डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा दोन लिटर ऑइल जास्त भरलं.

डिझेलबद्दल एक गोष्ट. वर्षभर अर्धी भरलेली टाकी पावसाळ्यात आतून घामेजते, तळाशी पाणी साचतं आणि त्यात जिवाणूंची काळी साय धरते. टाकी भरलेली ठेवा आणि वॉटर सेपरेटरचा कॉक आठवड्याला एकदा उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत बघा. डिझेलचा साठा परवान्याशिवाय एकूण २५०० लिटरपर्यंत ठेवता येतो, पण कुठलंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं असता कामा नये. बाजारात ९९० लिटरच्या टाक्या का मिळतात, ते यावरून कळेल.

सीपीसीबी-४ प्लस संच घेतला असेल तर

५६ किलोवॅटच्या वरच्या संचात नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी एससीआर ही कॅटॅलिस्टची यंत्रणा आणि तिच्यासाठी डीईएफ हा द्रव लागतो. डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. ते डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के लागतं. खताचा युरिया विरघळवून ओतण्याची कल्पना कोणाला तरी सुचतेच. त्यातल्या अशुद्धतेने कॅटॅलिस्ट कायमचा मरतो. डीईएफ तांब्या-पितळेच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड भांड्यात ठेवू नका, मूळ प्लास्टिकच्या कॅनमध्येच सावलीत ठेवा. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभराचा साठा सहा महिन्यांतच खराब होतो. लागेल तेवढंच आणा. टाकीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक दिसले तर कोमट पाण्याने धुवा, पण डीईएफच्या टाकीत पाणी घालू नका. आणि डिझेलच्या टाकीत चुकून डीईएफ पडलं तर संच सुरूच करू नका.

एससीआरला काम करायला धूर २०० अंशांच्या वर तापलेला लागतो. कमी लोडवर तो तापतच नाही, युरिया पाइपमध्येच दगडासारखा जमतो. पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर त्यातली काजळी जाळण्यासाठी मधून मधून रीजनरेशन होतं, त्यालाही उष्णता आणि वेळ लागतो. इथे एएमएफ पॅनेल आडवं येतं: वीज आली की ते संच बंद करतं आणि रीजनरेशन अर्धवट राहतं. असं चार-पाच वेळा झालं की कंट्रोलरवर इशारा येतो, दुर्लक्ष केलं तर संच ताकद कमी करतो. पॅनेल लावणाऱ्याकडून 'रीजनरेशन पूर्ण होईपर्यंत चालू राहा' असा सिग्नल जोडून घ्या. इंजिनात ऑइल घालताना संचाच्या कंपनीने सांगितलेल्या लो-अॅश (कमी राखेच्या) ग्रेडचंच वापरा. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळत नाही.

जुन्या संचांचं काय

चालू असलेला सीपीसीबी-१ किंवा २ संच केवळ जुना म्हणून महाराष्ट्रात बाद होत नाही. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये हवा गुणवत्ता आयोगाचे कडक आदेश आहेत, आणि काही विक्रेते तोच कागद इकडे दाखवून रेट्रोफिट, म्हणजे जुन्या संचाला नंतर बसवायचं धूर गाळणारं यंत्र विकतात. आपल्या संमतीपत्रात अट असेल तरच ती आपल्याला लागू.

तरीही रेट्रोफिट बसवायचाच असेल, तर त्याच्या टाइप अप्रूव्हलचा कागद मागा. केंद्रीय मंडळाच्या पद्धतीनुसार अशा यंत्राने किमान ७० टक्के सूक्ष्मकण पकडले पाहिजेत, आणि प्रमाणपत्र तुमच्या संचाच्या किलोवॅट गटाला लागू असलं पाहिजे. बसवण्याआधी आणि नंतर बॅक प्रेशर मोजा. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरलं तरी चालतं, १० किलोपास्कल म्हणजे सुमारे १ मीटर पाणी. मुंबई-पुण्यासारखा पाइप गॅस आवारात असेल तर डिझेल-गॅस ड्युअल फ्युएल किटही बसतं, पण कमी लोडवर गॅसचा वाटा घसरतो. म्हणजे पुन्हा लोडपाशीच आलो. पंधरा वर्षांचा १२५ चा संच २२ टक्के लोडवर चालत असेल, तर त्याच्यावर यंत्र चढवण्यापेक्षा तो विकून ६२.५ चा नवा घेणं बहुधा शहाणपणाचं.

चाचणी आणि वही

चिमणीची चाचणी मान्यताप्राप्त लॅबकडूनच करा, वर्षातून किती वेळा ते संमतीपत्रात बघा. चाचणीच्या दिवशी नेहमीचा लोड लावा आणि त्या वेळचे अँपिअर अहवालात लिहून घ्या. रिकाम्या संचाचा अहवाल स्वच्छ दिसतो, पण तो तुमच्या संचाचा नसतो. अहवाल हातात आला की लगेच बघा: चिमणीचा व्यास बरोबर आहे का, धुराचं तापमान दिलं आहे का, मर्यादा म्हणून लिहिलेला आकडा तुमच्या संमतीपत्रातलाच आहे का. लोडवर चाललेल्या संचाच्या धुराचं तापमान ४० अंश लिहिलेलं असेल, तर लॅबचा माणूस चिमणीवर चढलाच नव्हता.

वहीत रकाने एवढेच: तारीख, हवर मीटर, चाललेला वेळ, सर्वाधिक अँपिअर, तयार झालेली युनिट, भरलेलं डिझेल, भरलेलं ऑइल किंवा डीईएफ, धुराचा रंग. महिनाअखेरीस युनिटला डिझेलने भागा. चांगल्या लोडवर एका लिटरला साडेतीन ते चार युनिट निघतात. तीनच्या खाली आलं तर संच उपाशी चालतो आहे, इंजेक्टर गेले आहेत किंवा डिझेल टाकीपर्यंत पोचतच नाही. तिसरी शक्यता आधी तपासा.

ऑइल बदलल्यावर जुनं ऑइल मेकॅनिकच्या डब्यातून जाऊ देऊ नका. ते घातक कचऱ्यात मोडतं, ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि अधिकृत रीसायकलरकडेच द्यावं लागतं. त्याची पावती वहीतच चिकटवा, बदलाच्या तारखेशेजारी.